खोटं धुराडं

शनिवारी पहाटे चारला उठावं लागतं.
वाफेला घाई चालत नाही,
थंड लोखंडाची समजूत काढत बसावं लागतं.

ओहायोतल्या या तळ्याकाठी एके काळी करमणुकीची बाग होती.
आकाशपाळण्याचा नुसता पाया उरलाय,
त्यात साचलेलं पाणी, पाण्यात बदकं.
रूळ मात्र आहेत. दोन फुटी, सव्वा मैलाचा वेढा,
आणि आमचं नऊ नंबरचं इंजिन,
ज्याच्या कॅबमध्ये शिरताना
बेताच्या उंचीच्या माणसालाही मान तुकवावी लागते.

वेंडेल क्रोह्न भट्टीत आधी तेलकट चिंध्या टाकतो,
मग ढलप्या, मग कोळसा,
तान्ह्याला भरवावा तसा, थोडाथोडा.
मी झारी घेऊन फिरते. एकवीस ठिकाणी तेल.
तीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली मी,
तिनं कधी असं कौतुक करून घेतलं नाही.

इंजिन मूळचं लुइझियानाचं.
उसाच्या फडातून कारखान्यापर्यंत मोळ्या ओढायचं.
भंगारात निघालं, तेव्हा बागवाल्यानं उचललं,
चाकं लाल रंगवली, पितळी घंटा टांगली
आणि डोक्यावर बसवलं हे फुगीर धुराडं,
काऊबॉयच्या चित्रात असतं तसलं.
पत्र्याचं. आतून पोकळ.
खरं धुराडं, सरळ आणि सडपातळ,
त्याच्या पोटात उभं आहे अजून.

गेल्या हिवाळ्यात दांड्यावरचे रंगाचे सहा थर खरवडले
आणि खाली आकडा निघाला. नऊ नव्हे, सहा.
म्हणजे कुण्या भावंडाचा हा पाय, याला जोडलेला.
गस हॅवरकॅम्प, वय एक्क्याऐंशी,
भिंग हातात घेऊन बर्फात धावत आला, 'सहा! सहा!'
घरात नातू झाल्यासारखा.

तिथून भांडण पेटलं.
मूळ रूपात आणायचं, तर हे सोंग कापायला हवं.
जुने नकाशे आले, फोटो आले, रिव्हेट मोजले गेले.
मतदान झालं. सहा विरुद्ध पाच. कापायचं.

वेंडेल तोवर गप्प होता. मग म्हणाला,
'मी सात वर्षांचा. बाबा कोरियातून परतलेले,
घरात कुणाशी बोलत नसत.
इथे, दुसऱ्या डब्यात, दरोडेखोरांनी गाडी अडवली,
बागेचीच पगारी पोरं, खोटी पिस्तुलं,
एकाच्या बुटाला भोक.
बाबांनी दोन्ही हात वर केले
आणि हसले.
समोर हेच धुराडं होतं.
तुमचं खरं कुठलं ते तुम्ही ठरवा.'

कुणी काही बोललं नाही. गसनं भिंग पुसलं,
जे आधीच स्वच्छ होतं.

मे महिन्यात लुसील बाटिस्ट आली, थेट लुइझियानाहून.
तिचे आजोबा या इंजिनावर कोळसा मारायचे.
आम्ही ओशाळून उभे,
पाहुणी यावी आणि घरात पसारा असावा तसे.
तिनं तापल्या बॉयलरजवळ हात नेला, लावला नाही.
'शिटी तीच का?'
वेंडेलनं दोरी ओढली.
'नाही,' ती म्हणाली, 'आजोबा करून दाखवायचे ती जास्त रडकी होती.'
मग मान वर करून बराच वेळ पाहत राहिली.
'हे त्यांना आवडलं असतं.
इंजिन आवडायचं त्यांना. मळा नाही.'

ठराव वहीत आहे, सह्यांसकट.
करवत खुंटीवर आहे.
गस दर शनिवारी तिच्याकडे बघतो
आणि खालचा पाना उचलतो.

दहा वाजता काटा शंभरावर येतो.
फाटकापाशी तिकिटं, आइस्क्रीम, गोंधळ.
तिसऱ्या फेरीनंतर एक पोरगं
डोळ्यात कोळशाचा कण गेला म्हणून
मोठ्यानं रडतंय,
आणि उतरायला तयार नाही.